नव्वद दिवसांची खोली

पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिएटलजवळच्या एका उपनगरात पंचवीसेक वर्षं राहणाऱ्या आईचं हे पत्र आहे. मुलगा २६ वर्षांचा, अमेरिकेतच जन्मलेला. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. पुढे स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर (भास-भ्रम आणि मनःस्थितीतले टोकाचे चढउतार एकत्र असलेला मनोविकार) असं निदान झालं. आजार आहे हेच तो मानत नाही, गोळ्या सलग कधीच घेतल्या नाहीत. गांजाचं व्हेप रोजचं, दारू अधूनमधून. यंदाच्या थंडीत एका रात्री ‘जेवणात विष घातलंय’ म्हणत त्यानं वडिलांना भिंतीवर ढकललं. आईनं ९११ ला फोन केला. पोलीस मुलाला घेऊन गेले, घरगुती मारहाणीचा किरकोळ गुन्हा लागला. काही आठवडे तुरुंगात गेले. तपासणीनंतर न्यायालयानं ठरवलं की खटला समजून घेण्याच्या मनःस्थितीत तो सध्या नाही, आणि ती स्थिती यावी म्हणून तुरुंगाबाहेर राहून करायचा ९० दिवसांचा कार्यक्रम लावून दिला. अटी अशा: औषधं घ्यायची, दारू-गांजा बंद, वडिलांशी कुठलाही संपर्क नाही. राहायला एका सोबर हाऊसमध्ये, म्हणजे नशा न करण्याच्या अटीवरच्या सामाईक घरात, जागा मिळाली आहे. आठ पुरुष, दोघांत एक खोली, चाचणीत एकदा नशा सापडली की सामान उचलायचं.

आई लिहितात: “तो रोज फोन करून म्हणतो, आई, मला इथून ने. शनिवारी मी त्याला गुपचूप जेवायला घरी आणते, तेवढा वेळ हे बाहेर जाऊन बसतात. यांनी तक्रार मागे घेतली तर तो कायमचा घरी येऊ शकेल ना? पुण्याची बहीण म्हणते, इकडे पाठवून दे, मुक्तांगणमध्ये ठेवू. आपल्याकडे असता तर कोर्टानं त्याला घरच्यांच्याच ताब्यात दिला असता. यांचं म्हणणं, तिथेच राहू दे, शिस्त लागेल. पोलिसांना मीच बोलावलं, आता परक्यांच्या घरातही मीच ठेवलंय. काय करू?”

ताई,

शनिवारचं जेवण या आठवड्यापासून बंद करा. बाकीचं सगळं सावकाश बोलू, हे मात्र आधी.

मिस्टर घरात नाहीत म्हणजे संपर्कबंदीचा (नो-कॉन्टॅक्ट) आदेश पाळला गेला, असं तुम्ही धरून चालला आहात. अशा आदेशात बहुतेक वेळा घराचा पत्ता आणि किती अंतर राखायचं हेही लिहिलेलं असतं. वकिलाकडून प्रत मागवा आणि तो भाग वाचा. तसं लिहिलेलं असेल तर तो दारापर्यंत आला की आदेश मोडला, आत कोण होतं हा प्रश्नच येत नाही. ‘आईनं बोलावलं म्हणून आलो’ हेही चालत नाही. वॉशिंग्टन राज्यात तर ज्याच्या संरक्षणासाठी आदेश आहे त्यानं स्वतः बोलावलं तरी मोडल्याचा दोष आरोपीवरच येतो. म्हणजे जेवायला तुम्ही वाढायचं आणि नवा गुन्हा त्याच्या नावावर लागायचा. बाहेर राहण्याची सवलत जाईल ती वेगळीच.

याच ओघात आणखी दोन गोष्टी. ‘बाबांना तुझी आठवण येते’, ‘बाबा अजून रागावलेत’ असले निरोप तुम्ही पोचवू नका. दुसऱ्याकरवी केलेला संपर्क हाही संपर्कच धरला जातो. आणि त्या रात्री काय झालं याबद्दल फोनवर एक अक्षरही नको. ९११ ला फोन तुम्ही केलात, तेव्हा या खटल्यात तुम्ही साक्षीदार आहात. ‘आपण असं सांगू’ हे आईच्या तोंडी अगदी साधं वाक्य आहे, पण सरकारी वकिलाला त्यात साक्षीशी चाललेली ढवळाढवळ दिसू शकते. त्या रात्रीबद्दल तो बोलायला लागला तर ‘हे तुझ्या वकिलाला सांग’ म्हणा आणि विषय बदला.

भेटू नका असं मी म्हणत नाही. आदेशात तुमचं नाव नसेल तर लायब्ररीत भेटा, पार्कमध्ये भेटा, देवळात न्या, डबा न्या. डब्याबद्दल पुढे सांगते.

आता तक्रार मागे घेण्याबद्दल. आपल्याकडे तक्रार म्हणजे कुणीतरी केलेली आणि गोडीगुलाबीनं मागे घेता येईल अशी गोष्ट. तिथे फिर्यादी तुमचे मिस्टर नाहीत, सरकार आहे. घरगुती मारहाणीच्या फोनवर आलेल्या पोलिसांना सबळ कारण दिसलं तर वॉशिंग्टनच्या कायद्यानं अटक करावीच लागते, त्यांच्या मर्जीवर ते सोडलेलं नाही. त्यामुळे ‘मी त्याला तुरुंगात घातलं’ हा हिशेब तुम्ही स्वतःच्या खात्यावर मांडू नका. विषाच्या भीतीनं पेटलेल्या मुलासमोर नवरा भिंतीला टेकलेला असताना मदत मागायला दुसरा नंबर तुम्हाला माहीत नव्हता. आता माहीत असू द्या: ९८८. २०२२ पासून अमेरिकाभर चालणारी मानसिक संकटासाठीची ही लाइन आहे. तो फ्रिजवर लावून ठेवा.

मिस्टरांच्या हातात आहे ते एवढंच, की आदेश थोडा सैल करावा अशी विनंती न्यायालयाला करायची. सरकारी वकिलाच्या कार्यालयात पीडितांना मदत करणारा कार्यकर्ता (व्हिक्टिम अ‍ॅडव्होकेट) सहसा असतो, तो वाट दाखवतो. सार्वजनिक जागी भेटण्यापुरती मोकळीक मागता येते. न्यायाधीश ऐकून घेतील, मान्य करतीलच असं नाही. पण अर्जाआधी एक गोष्ट घरात बसून विचारा: त्यांना हे खरंच हवं आहे का? पत्रात त्यांचं एकच म्हणणं आलंय, शिस्तीचं. मला वाटतं, ते घाबरलेत. साठीच्या बापाला स्वतःच्या मुलाची भीती वाटते, हे आपल्या घरांत कबूल करायची सोय नसते, मग माणूस शिस्तीच्या गोष्टी करतो. तसं असेल तर आदेश त्यांच्याही उपयोगाचा आहे, आणि ‘तुम्ही अर्ज करा ना’ म्हणून त्यांच्या मागे लागणं बरं नाही.

घर मागणाऱ्या तुम्ही आणि शिस्त मागणारे मिस्टर, दोघांनीही एक गोष्ट न तपासता मानली आहे. ती म्हणजे हे ९० दिवस मुलाला बरं करण्यासाठी आहेत. ते त्यासाठी नाहीत.

१९६० साली डस्की खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कसोटी घालून दिली. आपल्यावरची कारवाई काय आहे हे आरोपीला समजतं का, आणि तो वकिलाशी सुसंगत विचार करून बोलू शकतो का? खटला चालवायला एवढं पुरतं. म्हणून या कार्यक्रमात औषधांबरोबर शिकवणी असते: न्यायाधीश काय करतात, सरकारी वकील कोणाच्या बाजूचा, आपला वकील कोणाच्या बाजूचा, गुन्हा कबूल केला तर काय होतं, ज्युरी म्हणजे काय. ताप पुरता गेला नाही तरी परीक्षेला बसवता येईल इतका उतरवायचा, असा हा प्रकार. आवाज ऐकू येत असतानाही माणूस सक्षम ठरू शकतो. आणि सक्षम ठरला की थांबलेला खटला पुन्हा सुरू होतो. काही आया त्या निकालाच्या दिवशी पेढे आणतात आणि पुढच्या आठवड्यात कोर्टाची तारीख बघून हबकतात.

उलट तो सक्षम झालाच नाही तर? तरीही त्याला अनंत काळ टांगून ठेवता येत नाही, हे १९७२ च्या जॅक्सन विरुद्ध इंडियाना खटल्यानं ठरवून दिलंय. किरकोळ गुन्ह्यात तुमच्या राज्यात बाहेरच्या कार्यक्रमाची कमाल मर्यादा ९० दिवस आहे, रुग्णालयातल्या कार्यक्रमाची २९ दिवस. तेवढ्यात जमलं नाही तर गुन्हा काढून टाकला जातो, पुन्हा दाखल करण्याची मुभा ठेवून, आणि सक्तीच्या उपचारांची गरज आहे का ते बघितलं जातं. तेव्हा ‘नापास झाला तर जन्माचा अडकला’ ही भीती मनातून काढा.

ही जागा मिळाली हीच केवढी गोष्ट आहे, तेही सांगते. वॉशिंग्टनमध्ये मानसिक आजार असलेले आरोपी रुग्णालयातल्या खाटेची वाट बघत तुरुंगात आठवडेच्या आठवडे पडून राहायचे, दोषी न ठरताच. ट्रूब्लड खटल्यात २०१५ साली संघीय न्यायालयानं सांगितलं, सात दिवसांत हलवा. राज्याला ते झेपलं नाही. २०१८ च्या तडजोडीतून बाहेर राहून क्षमता मिळवण्याचे कार्यक्रम, तुमच्या मुलाला भेटणारी नॅव्हिगेटर (न्यायालय आणि उपचार यांच्यात वाट दाखवणारी कार्यकर्ती) आणि घरभाड्याची मदत, हे सगळं उभं राहिलं. तरीही २०२३ मध्ये न्यायाधीश मार्शा पेचमन यांनी तडजोड मोडल्याबद्दल राज्याला १० कोटी डॉलरहून अधिक दंड ठोठावला. ही पार्श्वभूमी अशासाठी, की तुमचा मुलगा ‘परक्यांच्या घरात’ आहे तो तुरुंगाऐवजी, तुमच्या घराऐवजी नव्हे. तुमचं घर या घडीला पर्यायांत नाहीच.

मग सोबर हाऊस. तुमच्या बहिणीनं मुक्तांगणचं नाव घेतलं ते समजण्यासारखं आहे. १९८६ पासून पुण्यात चाललेलं ते केंद्र आपल्याला माहीत आहे, आणि व्यसनमुक्तीची जागा म्हटलं की डॉक्टर, समुपदेशक, दिनक्रम, घरच्यांच्या बैठका असं चित्र डोळ्यांपुढे येतं. सोबर हाऊसमध्ये यातलं काही असेलच असं नाही. ते भाड्याचं घर आहे. नशा न करण्याच्या अटीवर काही माणसं तिथे एकत्र राहतात. १९७५ साली मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला सुरू झालेलं ऑक्सफर्ड हाऊस हा त्याचा नामांकित नमुना. त्या घरांत पगारी कर्मचारी नसतो. राहणारेच मतदानानं कारभार करतात, भाडं वाटून घेतात, आणि कुणी पुन्हा प्यायला लागला तर त्याला बाहेर काढतात. दारू सोडायची ठरवून आलेल्या माणसाला ही रचना उत्तम साथ देते. दाराबाहेर जाण्याची भीती आणि बरोबरच्यांची नजर, दोन्हींचा उपयोग होतो.

पण तुमच्या मुलानं ते ठरवलेलं नाही, न्यायालयानं ठरवलंय. शिवाय ज्याला जेवणात विष दिसतं त्याला एका अनोळखी माणसाबरोबर खोलीत झोपायचं आहे, सामाईक स्वयंपाकघरातलं खायचं आहे आणि कदाचित रोज संध्याकाळी वर्तुळात बसून स्वतःबद्दल बोलायचं आहे. ‘आई, मला इथून ने’ या वाक्यामागे हट्ट असू शकतो, तलफ असू शकते, नाहीतर खरी भीती. तिन्हींवर करायचं ते वेगवेगळं आहे. म्हणून पुढच्या वेळी ‘थोडं सहन कर’ म्हणण्याआधी विचारा: रात्री झोप लागते का? कोणाची भीती वाटते? जेवतोस का? उत्तरं लिहून ठेवा आणि कार्यक्रमाच्या लोकांना कळवा. मुलगा सज्ञान आहे, त्याची सही असल्याशिवाय ते तुम्हाला काही सांगणार नाहीत, पण तुम्ही सांगितलेलं ऐकून घ्यायला त्यांना कुठलाच कायदा आडवा येत नाही. सहीचा कागदही त्याच्याकडून करून घ्या. व्यसनाच्या उपचारांच्या नोंदींना गोपनीयतेचे जास्त कडक नियम आहेत, म्हणून त्यासाठी वेगळी सही लागेल का तेही विचारा.

माझं स्वतःचं मत सांगायचं तर, ‘एकदा सापडला की बाहेर’ हा नियम मनोविकार आणि व्यसन दोन्ही असलेल्या माणसासाठी मला पटत नाही. घसरणं हा या आजाराचाच भाग आहे, आणि घसरल्याच्या रात्री डोक्यावरचं छप्पर काढून घेतलं की औषधं बंद, तारीख चुकली, वॉरंट निघालं, अशी माळ लागते. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून सॅम त्सेम्बेरिस यांनी उलट वाट चालवून दाखवली, आधी घर आणि मग बाकीचं, नशा सोडण्याची अट न घालता. पण तुमच्यापुढे आज तत्त्वाचा वाद नाही. न्यायालयानं नशाबंदी घातली आहे, त्यामुळे तसं मोकळं घर मिळालं तरी अट त्याच्या मागे येणारच. आणि सोबर हाऊसची एक बाजू मी कमी लेखत नाही: ज्या मुलाचा गांजा त्याच्या आवाजांना खतपाणी घालतो, त्याच्या आसपास तीन महिने कुणी ओढत नसेल तर औषधाला काम करायला वाव मिळतो. वॉशिंग्टनमध्ये २०१२ च्या मतदानानं गांजा कायदेशीर झाला, पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर दुकानं झाली. ‘कायदेशीर आहे ना’ हा त्याचा युक्तिवाद तुम्ही वर्षानुवर्षं ऐकला असेल. या घरात तो चालत नाही.

म्हणून सोबर हाऊस चांगलं की वाईट, याचा निकाल मी देत नाही. ‘हे’ घर त्याला झेपेल का, ते तपासायचं आहे. अशा घरांच्या चार पातळ्या मानल्या जातात. पहिलीत राहणारेच सगळं बघतात, दुसरीत एक हाऊस मॅनेजर असतो, तिसरीत प्रशिक्षित कर्मचारी आणि देखरेख, चौथीत उपचारही. तुमच्या वर्णनावरून हे घर पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीचं वाटतं. आवाज अजून शांत झाले नसतील तर त्याला तिसरी हवी. राज्याच्या हेल्थ केअर अथॉरिटीकडे नोंदणीकृत घरांची यादी असते, त्यात हे नाव आहे का बघा. ही खबरदारी उगाच नाही. अ‍ॅरिझोनात सोबर हाऊसच्या नावाखाली सरकारी आरोग्य योजनेची मोठी लूट झाल्याचं २०२३ मध्ये उघड झालं. मूळनिवासी समाजाच्या माणसांना अशा घरांत आणून ठेवायचं, आणि न झालेल्या उपचारांची बिलं लावायची.

मॅनेजरशी बोलाल तेव्हा औषधांपासून सुरुवात करा. मनोविकाराच्या गोळ्या घेतलेल्या इथे चालतात का, कुलुपाच्या डब्यात कोण ठेवतं, चुकल्या तर कोणाच्या लक्षात येतं? काही घरांत ‘कुठलंच रसायन नको’ अशा विचाराची माणसं असतात आणि ती नव्या पोराला गोळ्या सोडायचा सल्ला प्रेमानं देतात. यावर सोपा उपाय म्हणजे काही आठवड्यांतून एकदा घ्यायचं दीर्घ परिणामाचं इंजेक्शन. त्याच्या डॉक्टरांना विचारा. मग लघवीच्या चाचणीबद्दल: घर घेतं ती चाचणी आणि न्यायालयासाठीची चाचणी एकच की वेगळी, निकाल कोणाला जातो, शंका आली तर प्रयोगशाळेत फेरतपासणी होते का? रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो कित्येक आठवडे दिसत राहू शकतो, म्हणून आल्या दिवसाचा निकाल नोंदवलेला आहे ना, बघा. आणि तीन दिवस रुग्णालयात जावं लागलं तर खाट राखतात का?

सगळ्यात महत्त्वाचं: रात्री अकरा वाजता काढलं तर तो कुठे जाईल? हे मॅनेजर, नॅव्हिगेटर आणि वकील या तिघांना एकत्र विचारा, कारण प्रत्येकाला ते दुसऱ्याचं काम वाटतं. पर्यायी पत्ता आधीच ठरलेला हवा. एखाद्या मावशी-काकांची खोली, दुसऱ्या घरातली खाट, काहीही, पण वकिलानं न्यायालयाच्या कानावर घातलेलं. तुमचं घर त्या यादीत नको. घसरला तर वकिलाला त्याच रात्री कळवा. आपण होऊन सांगितलेली चूक आणि पकडलेली चूक यांच्याकडे न्यायाधीश सारख्या नजरेनं बघत नाहीत. आणि घसरण नशेची नसून आजाराची असेल, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं, तर डेझिग्नेटेड क्रायसिस रिस्पॉन्डरची, म्हणजे सक्तीनं दाखल करायचं का ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्याची, मागणी करा. त्यानं दाखल करायला नकार दिला तर जोएल्स लॉ या २०१५ च्या कायद्यानं जवळच्या नातेवाइकांना थेट न्यायालयात दाद मागता येते. हा कायदा पुष्कळ आईवडिलांना माहीतच नसतो.

आता डबा. अनारसे नकोत, खसखशीची खीर नको, घरच्या मसाल्यात खसखस असेल तर तो मसालाही नको. खसखशीनं अफूजन्य पदार्थांची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि ‘माझ्या आईचा मसाला’ हा खुलासा कुणी ऐकून घेत नाही. बहिणीनं पुण्याहून पाठवलेलं अश्वगंधारिष्ट, दशमूलारिष्ट देऊ नका. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेला अल्कोहोल असतो. होमिओपॅथीच्या थेंबांचंही तेच. माउथवॉश अल्कोहोलविरहित घ्या. बाकी थालीपीठ, खसखस न घातलेले मेथीचे लाडू, लसणाची चटणी खुशाल न्या, आणि जमल्यास आठ जणांना पुरेल इतकं न्या. सीलबंद पाकीट त्याच्यासमोर फोडून, पहिला घास तुम्ही खाऊन दिलात तर या दिवसांत त्याला जड जाणार नाही.

पुण्याचं आता. या अटींवर बाहेर असलेल्या आरोपीनं देश सोडला तर वॉरंट निघेल आणि परतीची वाट तुम्हीच बंद केलेली असेल. खटला संपल्यावर, त्याच्या इच्छेनं, हा पर्याय जरूर बघा. ‘आपल्याकडे कोर्टानं घरच्यांच्या ताब्यात दिला असता’ यातही तथ्य आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६९व्या कलमात, म्हणजे जुन्या ३३०व्यात, मनोरुग्ण आरोपीला नातेवाइकाच्या हमीवर बाह्य उपचारांसाठी सोडण्याची सोय आहे. पण हमी देणाऱ्याला त्याच्या काळजीची आणि त्यानं कुणाला इजा न करण्याची खात्री द्यावी लागते. ज्या घरात मार खाल्लेला माणूस राहतो त्या घरानं ती कशी द्यायची, हा प्रश्न पुण्यातही उरलाच असता.

तुमचा मुलगा अमेरिकी नागरिक आहे. पण हे वाचणाऱ्यांत ज्यांची मुलं, भाऊ, नवरे विद्यार्थी व्हिसावर, एच-वन-बीवर किंवा ग्रीन कार्डवर आहेत त्यांनी पुढचा भाग दोनदा वाचावा. घरगुती हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण ठरू शकतं, आणि नो-कॉन्टॅक्ट आदेश मोडल्याचं न्यायालयानं नोंदवलं तर शिक्षा झाली नसली तरीही प्रकरण तिथवर जाऊ शकतं. खटल्याऐवजी उपचारांचा प्रस्ताव आला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण त्यासाठी आधी गुन्हा कबूल करावा लागत असेल तर राज्याच्या लेखी मिटलेलं प्रकरण इमिग्रेशनच्या लेखी दोषसिद्धी ठरू शकतं. राज्यात कायदेशीर असलेला गांजा संघीय कायद्यात अजून बंदच आहे, तेव्हा ‘घेत होतो’ अशी कबुलीही जपून. २०१० च्या पडिया खटल्यापासून बचावाच्या वकिलानं या परिणामांचा सल्ला देणं बंधनकारक आहे. त्याला पहिल्याच भेटीत व्हिसाचा प्रकार सांगा. वॉशिंग्टन डिफेंडर असोसिएशनकडे सरकारी खर्चानं आरोपींचा बचाव करणाऱ्या वकिलांना याच विषयात मदत करणारा इमिग्रेशन प्रकल्प आहे, त्यांना विचारायला सांगा.

तुमच्या दोघांसाठी एक सुचवते. नामी (NAMI) या मानसिक आजार असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा ‘फॅमिली टू फॅमिली’ हा आठ सत्रांचा मोफत वर्ग असतो. तिथे मिस्टरांनाही न्या. मराठी मंडळात हे बोलता येत नाही म्हणून कुठेच बोलायचं नाही, असं का? आणि ‘त्याला आजार आहे हे तो मानतच नाही’ असं तुम्ही लिहिलंत. ते न मानणं हाही बहुतेकदा आजाराचाच भाग असतो. पटवण्यात ९० दिवस घालवू नका. ‘तुला काय हवंय?’ विचारा. त्याला घरी यायचं असेल, तर इंजेक्शन आणि स्वच्छ चाचण्या ही घराकडे जाणारी वाट आहे, हे आजार कबूल न करताही समजू शकतं.

शेवटचं काम आज रात्रीचं. भाड्याची मदत मर्यादित महिन्यांची असते, आणि सक्षमतेचा निकाल ९० दिवसांच्या आधीही येऊ शकतो. कार्यक्रम संपला की त्याच्या आधारानं मिळालेली खोलीही हातची जाऊ शकते, नेमकी खटला पुन्हा सुरू होताना. त्याच्या वकिलाला ईमेल लिहा, नॅव्हिगेटरला प्रत ठेवा. मजकूर मी देते, इंग्रजीत तुम्ही करा: “नो-कॉन्टॅक्ट आदेशाची प्रत पाठवावी. माझा मुलगा सध्याच्या घरात खोली वाटून घ्यायला घाबरतो. अधिक देखरेखीच्या घराचा किंवा एकट्याच्या खोलीचा पर्याय आहे का? या घरातून काढलं तर त्याच रात्रीचा पत्ता कोणता? आणि कार्यक्रम संपल्यानंतरच्या पहिल्या दिवसाचं भाडं कोण भरणार, कुठल्या घराचं? पुढच्या सुनावणीआधी लेखी उत्तर मिळावं.” त्या रात्री काय घडलं याबद्दल ईमेलमध्ये काही लिहू नका. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर फोन करा, आणि फोनची तारीख वहीत टिपून ठेवा.